पहिल्या वर्षी चारच पुस्तकं

भाऊ, नव्या प्रकाशनाच्या पहिल्याच वर्षी कथा, कविता, चरित्र, पाककृती असं सगळं एकदम काढायचा बेत जरा आवरा. चारच घ्या: एक कादंबरी, तीन कथेतर. कादंबरी हळू खपते, पण केळीच्या लागवडीवर नीट लिहिलेल्या पुस्तकाला रावेर-यावलकडे गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

पानं १६च्या पटीत बसवा. डेमी या नेहमीच्या पुस्तकी आकाराचा फर्मा, म्हणजे एकदम छापून दुमडलेला कागदाचा ताव, १६ पानांचा असतो. मजकूर १६३ पानांवर गेला की कागद १७६ पानांचा लागतो. १३ पानं कोरी, पैसे मात्र पूर्ण. अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका धरून १६०वर आणा. अक्षर बारीक करून नव्हे, मजकूर कापून!

नवे लोक इथे हमखास फसतात:

- प्रत स्वस्त पडते म्हणून १००० छापणं. ३०० पुरे.
- छपाईखर्चाच्या दुप्पट किंमत ठेवणं. विक्रेत्याचं कमिशनच ४० टक्क्यांच्या आसपास जातं. चौपट धरा.
- जाड पुस्तकाची पानं नुसत्या गमनं चिकटवणं. मे महिन्यात भुसावळच्या पत्र्याच्या गोदामात पाठ कडक होते, उघडताच पानं सुटतात. शिवून घ्या.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, मोफत मिळतो. अर्ज छपाईआधी करा. पुठ्ठाबांधणी आणि कागदी बांधणीला वेगळे क्रमांक लागतात. ई-बुक, अनुवादाचे हक्क वगैरे पुढच्या वर्षी बघू.