कादंबरी वाचून काय मिळतं, असं घरातले विचारतात

प्रश्न : माझं वय 46. कॉलेजात असताना हाताला लागेल ते वाचायचे, मग नोकरी, संसार, मुलं यात सगळं सुटलं. आता परत सुरू केलंय पण दोन महिन्यांत तीन पुस्तकं अर्ध्यात सोडली. त्यात आमचे हे म्हणतात गोष्टीबिष्टी वाचून काय मिळतं, खऱ्या माणसांचं काहीतरी वाच. तुम्ही एवढ्यात काय वाचलंत? मी कुठून सुरुवात करू? मुलगी नववीत आहे, तिलाही एखादं सांगा. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, ती अर्धी राहिलेली तीन पुस्तकं आधी कपाटात ठेवून द्या आणि त्यांचं वाईट वाटून घेऊ नका. इतक्या वर्षांच्या खंडानंतर एकदम जाडजूड पुस्तक घेतलं की असं होतंच.

मी मागच्या महिन्यात कृष्णात खोतांची 'रिंगाण' वाचली. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी. धरणामुळे उठवलेलं गाव, आणि तिकडे जुन्या गावात मागे राहिलेली म्हैस आणायला परत निघालेला माणूस, एवढीच गोष्ट. पण सुरुवातीची पानं मला जड गेली, कोल्हापूरकडची बोली आहे आणि डोळ्यांनी भराभर वाचायला गेलं की निसटतं, मग मी रात्री मोठ्यानं वाचायला लागले आणि काय सांगू, वाक्यं आपोआप उलगडायला लागली. तुम्ही त्याच भागातल्या, तुम्हाला तर ती माझ्यापेक्षा लवकर लागेल. मधे थोडी ताणल्यासारखी वाटते हे खरं. पण पुनर्वसन हा शब्द आपण पेपरात इतक्यांदा वाचतो, त्यात माणसाचं नेमकं काय तुटतं ते मला या म्हशीमुळे कळलं. तुमच्या मिस्टरांना माझं उत्तर हेच आहे.

तरी सुरुवात मात्र 'रिंगाण'नं करू नका. आधी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या, 1955 ची, अगदी छोटी, चार-पाच रात्रींत होते. धनगरांच्या वाडीवर आलेला पोरसवदा मास्तर, शाळेत पोरंच नाहीत, मग हा कुणाचं पत्र लिहून दे, कुणाचं काम करून दे असं करत वाडीचा होतो, सगळ्यांना हाताशी धरून तालीम बांधतो आणि मग दुष्काळ पडतो. दुष्काळाची पानं वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून बसले होते. त्यात एक शब्द जास्तीचा नाही.

आणि खऱ्या माणसांचं हवं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', मी यंदा तिसऱ्यांदा वाचलं. 1934 ते 1936 मधे भाग-भाग करून आलेलं आत्मचरित्र, पण आजही कुणीतरी शेजारी बसून सांगतंय असं वाटतं. वडिलांचं सोवळं इतकं की बाजारातून आलेलं सगळं धुऊन घ्यायचं. पुढं नवरा 1895 साली ख्रिस्ती झाला, मग कित्येक वर्षं दोघांची ताटातूट, लिहायला-वाचायला शिकल्या त्याही लग्नानंतर. एवढं सगळं सोसलेली बाई नवऱ्याचा भोळसटपणा सांगताना आपल्याला हसवते! रडगाणं कुठंच नाही. मला विचाराल तर मराठीत यापेक्षा चांगलं आत्मचरित्र नाही. याची संक्षिप्त आवृत्तीही मिळते पण ती घेऊ नका, संपूर्णच मागा, कारण घरातले बारीकसारीक प्रसंग हाच त्याचा जीव आहे. हे सलग वाचायचीही गरज नाही, कुकर लावला की एक प्रसंग, असं चालतं.

आणि हो, तुमच्या ह्यांना 'बनगरवाडी' कादंबरी आहे हे न सांगता द्या आणि 'स्मृतिचित्रे'तले दोन प्रसंग वाचून दाखवा. मग विचारा यातलं खरं कुठलं आणि रचलेलं कुठलं.

लेकीसाठी वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर', 1981 पासून शाळकरी पोरं वाचत आलीत. अमेरिकेत गुलामीत जन्मलेलं, पळवून नेलेलं तान्हं पोर घोड्याच्या बदल्यात परत मिळतं आणि तेच पुढं कापसानं निकस झालेल्या जमिनीत भुईमूग घ्यायला शेतकऱ्यांना शिकवतं. नववीच्या मुलीला सहज झेपेल. फक्त दिल्यावर रोज 'कुठवर आलं' म्हणून विचारू नका, आणि सारांश तर अजिबात लिहायला लावू नका. माझ्या भाचीचं वाचन त्यानंच सुटलं होतं, परत लागायला दोन वर्षं गेली.