ऊन, कोवळं ऊन आणि सनशाईन पॉप

प्रश्न असा होता: "एका अमेरिकन बँडबद्दल मराठीत चार ओळी लिहायच्यात. इंग्रजीत त्यांचं वर्णन रेट्रो-स्टाइल्ड इंडी बँड, प्लेइंग सिक्स्टीज-इन्स्पायर्ड सनशाईन पॉप असं आहे. मी 'साठीच्या प्रेरणेने उन्हाळी संगीत वाजवणारा जुनाट स्वतंत्र बँड' असं केलंय आणि माझं मलाच हसू येतंय. काय करू?"

हसू येतंय म्हणजे कान शाबूत आहे, अर्धं काम झालं. कारण हे वाक्य वाचून माझ्या डोळ्यांसमोर मे महिन्यात लग्नाच्या वरातीत घामाघूम झालेले रिटायर्ड काका आले, एकाच्या गळ्यात ट्रम्पेट, दुसऱ्याच्या हातात ताकाचा ग्लास. त्यात 'उन्हाळी' हा शब्द तर अजिबातच नको, उन्हाळी कांदा, उन्हाळी सुट्टी इथपर्यंत ठीक आहे पण उन्हाळी लागणे म्हणजे काय ते घरातल्या कुठल्याही आजीला विचारा, ती आधी धन्याजिऱ्याचं पाणी प्यायला देईल.

साठीचं आधी उरकतो. मराठीत साठी ही माणसाची असते, दशकाची नाही. साठी उलटली, साठीशांत केली, साठी बुद्धी नाठी. दशकाला साठचं दशक म्हणायचं. हिशोबाने ते सातवं दशक, पण तसं लिहिलं की निम्मे लोक १९७५ मध्ये जाऊन पोचतात. साठोत्तरी हा शब्द दिसायला छान आहे पण तो आपल्याकडे साठनंतरच्या बंडखोर साहित्याने, लघुअनियतकालिकवाल्यांनी कधीच बुक करून ठेवलाय, साठोत्तरी पॉप म्हटलं की कोणीतरी सायक्लोस्टाइल केलेली कविता हातात ठेवेल असं वाटतं.

आता खरी गंमत, ती सनशाईनची. आपण डोळे मिटून सनशाईन म्हणजे ऊन म्हणतो, पण ऊन हा शब्द मुळात उजेडाचा नाहीच, तो उष्णतेचा आहे. संस्कृत उष्ण, प्राकृतात उण्ह, आणि तिथून आपलं ऊन. मधला ह गायब झालाय असं वाटतं पण तो दडून बसलाय, विभक्ती लावली की लगेच बाहेर येतो, उन्हात, उन्हाने, उन्हाला, आणि उन्हाळ्यात तर उघड उघड बसलाय. म्हणून तर आपण ऊन ऊन वरणभात म्हणतो, तिथे सूर्याचा काही संबंध नाही, नुसतं गरम. शेजारी बघा, संस्कृत घर्म म्हणजे उष्णता, त्याचं नेपाळीत घाम झालं आणि त्याचा अर्थ ऊन, आपल्याकडेही घामच झालं पण अर्थ कपाळावरून ओघळणारा. सनशाईनमध्ये मात्र शाईन आहे, चमक. ऊन अंगाला कळतं, सनशाईन डोळ्यांना.

आणि आपलं उन्हाशी नातं तसं भांडणाचंच आहे. ऊन मी म्हणत असतं, रणरणतं, डोक्यावर येतं, लागतं. उन्हात जाऊ नकोस ऊन लागेल, हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की ऊन म्हणजे दाराबाहेर बसलेलं कुत्रं आहे असंच वाटायचं. केस उन्हात पांढरे केलेले नाहीत असं ठणकावतो तेव्हाही ऊन म्हणजे फुकट गेलेला वेळ. प्रेमाने वागतो ते फक्त कामापुरतं, लोणच्याच्या बरणीला, गाद्यांना, गव्हाला ऊन दाखवायचं, स्वतः मात्र सावलीत बसायचं. अनेकवचन केलं की जरा निवतं हेही मजेशीर आहे, उन्हं कलली, उन्हं उतरली, यात चटका नाही, यात चहाची वेळ झालीय.

आता हा सनशाईन पॉप नावाचा गाण्यांचा प्रकार कुठला ते बघा. साधारण १९६६ ते ६९, मुख्यतः लॉस एंजेलिस. द असोसिएशन, द टर्टल्स, द फिफ्थ डायमेन्शन, द ममाज अँड द पापाज, असे बँड, आणि सगळ्यांच्या डोक्यावर बीच बॉइज या कॅलिफोर्नियाच्याच गाजलेल्या बँडची सावली (सनशाईन पॉपवर सावली, चालू द्या). चार-पाच आवाज एकावर एक रचलेले, पापुद्रे सुटलेल्या चिरोट्यासारखे, मागे हार्प्सिकॉर्ड (पियानोचा थोरला भाऊ), बासरी, मंद ट्रम्पेट, आणि विषय काय तर पतंग, फुगे, बागेतला पाऊस. त्या काळी हे लोक स्वतःला सनशाईन पॉप वगैरे म्हणवून घेत नव्हते, हे लेबल मागाहून चिकटलं. पण नीट ऐकलं तर या गाण्यांत एक हुरहूर असते. ममाज अँड द पापाजचं कॅलिफोर्नियाचं स्वप्न बघणारं जे गाणं सगळ्यांना माहितीय ते १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये, ऐन थंडीत लिहिलेलं आहे. म्हणजे हे ऊन भोगणाऱ्याचं नाही, गारठलेल्या माणसाच्या मनातलं आहे. त्याच्याशी जुळणारं ऊन आपल्याकडे एकच, पौष-माघात सकाळी साडेसातला गच्चीवर येतं ते, कोवळं. त्यात आपण मुद्दाम जाऊन बसतो, पाठ करून, पेपर घेऊन, आणि ते सरकलं की आपणही खुर्ची सरकवतो.

तेव्हा नाव सनशाईन पॉपच ठेवा, जॅझचं किंवा गझलचं आपण कुठे भाषांतर करतो, पण समजावताना कोवळ्या उन्हासारखं म्हणा, नुसतं ऊन नको. सूर्यप्रकाश तर नकोच, तो शास्त्राच्या पुस्तकातला, सूर्यप्रकाश पॉप म्हटलं तर बँड प्रकाशसंश्लेषण करतोय असं वाटेल.

रेट्रोला जुनाट म्हणणं अन्याय आहे. जुनाट खोकला असतो. माझं मत विचाराल तर इथे आपल्याकडे इंग्रजीपेक्षा भारी शब्द पडलाय, तो म्हणजे बाज. लावणीच्या बाजाचं गाणं, ठुमरीचा बाज, तबल्यातला दिल्ली बाज. बाज म्हटलं की वस्तू नवी आणि चाल-चलन जुनं हे आपोआप येतं, आणि नेमका हाच फरक रेट्रो शब्दात घोटाळतो. कारण मराठी माणसाला रेट्रो बँड म्हटलं की ऑर्केस्ट्रा आठवतो, जुनी गाणी हुबेहूब गाणारा. साऊथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनचा द एक्सप्लोरर्स क्लब नावाचा बँड घ्या, २००८ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये गाणी स्वतःची आहेत, पण डोळे मिटून ऐकलं तर १९६५-६६ चा बीच बॉइजचा राहून गेलेला अल्बम सापडला असं वाटावं. हा झाला बाज. त्याच बँडने २०२० मध्ये साठच्या दशकातल्या दुसऱ्यांच्या गाण्यांचा एक अख्खा अल्बम काढला, तो झाला ऑर्केस्ट्रा, प्रेमाने म्हणतोय. आपल्याकडचं उदाहरण हवं तर कट्यार काळजात घुसली, नाटक १९६७ चं, त्यातली पदं सिनेमात आली ती जुनीच, पण २०१५ च्या सिनेमासाठी शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणीही केली ती नाट्यसंगीताच्या बाजाची. पिच्चरला कोणी रेट्रो म्हटलं नाही.

इंडीला स्वतंत्र म्हटलं तर वेगळा राहणारा वाटतो, अपक्ष म्हटलं तर डिपॉझिट जप्त होईल, हौशी म्हणजे अमॅच्युअर, ते तर साफ चूक. मूळ मुद्दा मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या दावणीला नसण्याचा होता, आता ती नुसती एक स्टाइल झालीय. इंडीच लिहा, कळतं सगळ्यांना.

मग वाक्य साधारण असं होईल: "साठच्या दशकातल्या सनशाईन पॉपच्या बाजाची, कोवळ्या उन्हासारखी स्वतःची गाणी गाणारा इंडी बँड." आणि हो, 'वाजवणारा' मी मुद्दाम काढलंय. इंग्रजीत प्लेमध्ये सगळं खपतं, आपल्याकडे गाणारा वेगळा आणि वाजवणारा वेगळा, आणि या प्रकारात जीव आहे तो पाच गळे एकत्र लागतात त्यात. शिवाय बँड आणि वाजवणे एका वाक्यात आले की मराठीत कोणाचा तरी बँड वाजतोच.