आरएक्स-८ घेतोयस? मग आधी कॉम्प्रेशन बघ

रंग, अलॉय, स्पॉयलर हे सगळं नंतर. मॅझ्दा आरएक्स-८ ही स्पोर्ट्स कार सेकंडहँड एवढ्या स्वस्तात मिळते त्याचं कारण बॉनेटखाली आहे. १.३ लिटरचं रोटरी इंजिन, त्यात पिस्टन नाहीत, दोन तिकोनी रोटर फिरतात. त्यांच्या टोकांवरचे सील झिजले की कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा-पेट्रोल दाबायची ताकद, जातं, मग इंजिन उघडण्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून बयाणा देण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट कर, तीही रोटरीच्या खास टेस्टरने. शिवाय गाडी वीसेक मिनिटं पळव, बंद कर, पाच मिनिटांनी परत चावी फिरव. गरम इंजिन सुरू व्हायला कां-कूं करत असेल तर मालकाला नमस्कार करून निघ.

ही गाडी ऑइल पिते. दोष नाही, सील ओले राहावेत म्हणून ते मुद्दामच आत सोडलेलं असतं. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बघायची.

आणि थंड इंजिन सुरू करून लगेच बंद करू नकोस. मी एकदा दारातून गॅरेजात घेण्यापुरती सुरू केली होती, जेमतेम अर्धा मिनिट. सकाळी स्टार्टर नुसता रडत होता, प्लग बाहेर काढले तर पेट्रोलने चिंब!

मायलेजबद्दल विचारूच नकोस. पण इंजिन नीट तापल्यावर सहा गिअरच्या मॅन्युअल गाडीचा काटा ९००० आरपीएमकडे जाऊ दे. अधूनमधून असं केल्याने आतली काजळीही कमी राहते. बायकोला पटवायचं असेल तर उलटी उघडणारी मागची दारं दाखव, माझ्याकडे तेवढ्यावरच काम झालं.