नेमकं तेव्हाच कसं निघायचं?

"मॅडम, तिकिटं काढू की नको, एवढंच सांगा."

मी समुपदेशक आहे. निवृत्त जोडपी माझ्यासमोर बसून हे वाक्य इतक्यांदा बोलली आहेत की हल्ली दोघं आत आली आणि एकाच्या हातात फाइल दिसली की पुढचं मला कळतं. कुणाच्या मुलीच्या बाळंतपणाची तारीख प्रवासाच्या आगेमागे येत असते, कुणाच्या मुलाचं लग्न, कुणाच्या नातवाचा पहिला वाढदिवस. नोकरी, कर्जाचे हप्ते, मुलांच्या शाळा यांत तीस-पस्तीस वर्षं गेली, आता पाय धड आहेत तोवर जग बघून घ्यावं असं एकाला वाटतं. दुसरा म्हणतो, जग कुठे पळून चाललंय? आणि नेमकं तेव्हाच कसं निघायचं?

तिकिटं काढायची की नाही, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पण प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, म्हणून एका जोडप्याची गोष्ट लिहिते. ओळख पुसलेली आहे, दुसऱ्या एका जोडप्याचेही काही तपशील त्यात मिसळले आहेत आणि चार महिन्यांच्या बैठकी थोडक्यात आवळल्या आहेत. त्यांना इथे काका-काकू म्हणते. वयाने मी काही त्यांच्याहून फार लहान नाही, पण दुसरं काही म्हटलं की ते दोघं माझ्या डोळ्यांसमोर येत नाहीत.

काका ६६, काकू ६३. काका कारखान्यात देखभाल विभागात होते, काकू शिक्षिका. निवृत्तीनंतरच्या अडीच वर्षांत तीन मोठे प्रवास झालेले. आता चौथा होता, नॉर्वेतल्या ट्रॉम्सोचा, ध्रुवीय प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) पाहायला. ५ जानेवारीला निघायचं, १३ला परत. परदेशात राहणाऱ्या मुलीला डॉक्टरांनी दिलेली तारीख होती १२ जानेवारी.

काकांनी पारदर्शक फाइल उघडली. आत रंगीत खुणा चिकटवलेली पानं होती, प्रत्येकाच्या तीन प्रती. बोलताना ते अंगठ्याने पानांचे कोपरे जुळवत होते. सूर्याच्या सक्रियतेचं चक्र साधारण ११ वर्षांचं असतं, शिखराच्या सुमाराला हा प्रकाश जास्त दिसतो, ऑक्टोबर २०२४मध्ये नासाने सूर्य या चक्राच्या शिखरावर असल्याचं जाहीर केलं, आता उतार लागणार, पुढच्या शिखरापर्यंत मी पंच्याहत्तरी ओलांडलेली असेन. सगळं मुद्देसूद. काकूंचा फोन त्यांच्या गुडघ्यावर उताणा पडलेला होता आणि त्यांची नजर त्याच्यावर होती.

"बारा तारीख आहे," त्या म्हणाल्या. "मला बाकी काही बोलायचं नाही."

मग थोडं थांबून, "सूर्यच उगवत नाही म्हणे तिथे जानेवारीत. आणि ते बघायला जायचंय यांना."

काकांनी लगेच दुरुस्ती केली. सूर्य साधारण २७ नोव्हेंबरपासून १५ जानेवारीपर्यंतच उगवत नाही.

पहिल्या बैठकीत मी फारसं काही केलं नाही. फक्त काकांना विचारलं, "शिखर गेलं की तिथे तो प्रकाश दिसतच नाही का?"

अंगठा थांबला. "तसं नाही. तो जिथे नेहमी दिसतो त्या पट्ट्यातच ट्रॉम्सो आहे. शांत वर्षांतही दिसतो. आणि खरं तर मार्च बरा, दिवस-रात्र समान असतात त्या सुमाराला जास्त दिसण्याचा संभव असतो."

काकू वळून त्यांच्याकडे बघतच राहिल्या. गेले दोन महिने घरात ११ वर्षांचं चक्र फिरत होतं, मार्चचा उल्लेख त्यांनी पहिल्यांदा ऐकला. पण काकूही काही धुतल्या तांदळासारख्या नव्हत्या. बाळंतपणाची तारीख म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक नव्हे. त्या नेमक्या दिवशी शंभरातली जेमतेम चार-पाच बाळं जन्मतात, ३७ ते ४२ आठवड्यांत केव्हाही होऊ शकतं. दोन मुलं झालेल्या बाईला हे मी शिकवायला नको. आपल्या युक्तिवादात फट कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघंही त्या फटीवर हात ठेवून बसले होते. असं दिसलं की मी प्रवास बाजूला ठेवते आणि माणसांकडे बघायला लागते.

जाताना मी एकच काम दिलं. मुलीला फोन करा आणि विचारा, तुम्ही कधी यावं असं तिला वाटतं. दोघं अवघडले. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं! ‘असं विचारायचं असतं का, आपल्यालाच कळायला नको का,’ असं पुटपुटत काकू उठल्या. मी हे अनेक घरांत पाहिलंय. ज्या मुलांच्या नावाने आई-वडील महिनोन्महिने भांडतात, त्या मुलांचं मत त्यांनी घेतलेलं नसतं.

पुढच्या वेळी दोघं तोंडं पाडून आली. मुलगी म्हणाली होती, "मला त्या आठवड्यात इथे माणसं आहेत. नंतर सगळे गेले की मला कुणीतरी लागेल. पण आई, बाबा, तुमच्या भांडणात माझी तारीख वापरू नका. दादाच्या लग्नात पण हेच केलंत."

काकूंना ते फार लागलं. मला मात्र त्या मुलीचं कौतुक वाटलं, आणि काकूंना आधी पाणी देऊन मग मी तसं बोलूनही दाखवलं. मरे बोवेन नावाचे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होते, माझी विचार करण्याची पद्धत बरीचशी त्यांच्याकडून आलेली आहे. त्यांचं म्हणणं साधं होतं: दोन माणसांमधला ताण दोघांना पेलेनासा झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात. तिसरा कधी मूल असतो, कधी सासू, कधी आजारपण. माझ्या अनुभवाने मी त्यात तारखांची भर घालते.

मग मी त्यांना घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर आणायला सांगितलं, चालू वर्षाचं आणि मागच्या दोन वर्षांचीही. लोक मोबाइलमधलं दाखवायला बघतात, पण मला कागदच लागतो. कागदावर हात दिसतो.

काकांनी तिन्ही वर्षांची जपून ठेवलेली होती, अर्थातच. मी ती टेबलावर पसरली. प्रवास काकांच्या अक्षरात, निळ्या शाईने, निघायच्या दिवसापासून परतीच्या दिवसापर्यंत पट्टीने ओढलेली रेघ. घरातले प्रसंग काकूंच्या अक्षरात, पेन्सिलीने. ‘नक्की नसतं ना, म्हणून,’ त्या म्हणाल्या. पानं उलटताना मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरात एका निळ्या रेघेखाली मला कागद थोडा खरवडलेला दिसला. तिरपं धरलं तर खोडलेली अक्षरं वाचता येत होती: ‘आम्ही चौघी, समुद्र.’

"हे काय आहे?"

काकू हसल्या. "काही नाही हो. शाळेतल्या आम्ही चौघी जणी चार दिवस कुठेतरी समुद्रावर जाणार होतो. यांचं बुकिंग आलं मग."

"तू बोलली नाहीस," काका म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत."

खोली गप्प झाली. अशा वेळी काहीतरी शहाणं बोलायची हुक्की समुपदेशकाला येते, विशेषतः नवखा असताना. मी बोलले नाही. पेला सरकवायचा मोहसुद्धा आवरला. मिनिटभराने, कदाचित जास्तच, काकूंनी फोन गुडघ्यावरून उचलून पर्समध्ये टाकला आणि पहिल्यांदा काकांकडे तोंड करून बोलल्या.

"मला थंडी सोसत नाही. मागच्या वेळी त्या बसमध्ये आठ-आठ तास बसून माझे पाय सुजले होते. तुमच्या मागे मागे पळत मी कुठलं शहर पाहिलं ते मला आठवत नाही, तुमची टोपी आठवते. मला नाही यायचं."

"मग असं सरळ सांगायचंस."

"‘मला नको’ म्हटलं की तुम्ही समजूत काढता. ‘मुलीची तारीख आहे’ म्हटलं की गप्प बसता."

या एका वाक्यासाठी मी बावीस वर्षं या खुर्चीत बसले, असं मला त्या संध्याकाळी वाटलं. तोवर मीही हा प्रश्न प्रवास विरुद्ध कुटुंब असाच मांडत आले होते, दोन्हींत तोल कसा साधावा यावर व्याख्यानंही दिली होती. काकूंनी ते सगळं मोडीत काढलं. स्वतःसाठी ‘नाही’ म्हणायची ज्यांना सवय नाही, त्यांच्यासाठी घरातला मोठा प्रसंग हा सगळ्यात सोज्वळ नकार असतो. त्याला कुणी उलट बोलू शकत नाही. फक्त असा नकार प्रत्येक वेळी मुलांच्या खात्यावर लिहिला जातो, आणि मुलांना तो जाणवतो.

काकांची बाजू कळायला आणखी दोन बैठकी लागल्या. ती एका दमात सांगते. मुलगी जन्मली तेव्हा कारखान्याचा वार्षिक शटडाउन चालू होता, काकांनी तिला तिसऱ्या दिवशी पाहिलं. मुलाच्या वेळीही तसंच. पुढे घरातले सगळे प्रसंग काकूंच्या हातात गेले आणि काकांना त्यात जागाच उरली नाही. "मी तिथे काय करतो? गाडी लावायला जागा बघतो. मग सगळे हिला विचारतात आणि मी खुर्चीवर मोबाइल बघतो." प्रवासात मात्र फाइल त्यांच्याकडे, सगळे त्यांना विचारणार. घरातला प्रसंग जवळ आला की काकांना नकाशे का आठवायचे, ते मला तेव्हा उमगलं.

ज्यांना आपल्या घरात हेच चाललंय असं वाटत असेल त्यांच्यासाठी थोडं सांगते.

सुखाचाही ताण असतो, हे आधी मान्य करा. १९६७ मध्ये टॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकन डॉक्टरांनी आयुष्यातल्या ४३ बदलांची यादी केली आणि प्रत्येकाला ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, निवृत्तीला ४५, घरात नवीन माणूस येण्याला ३९, मूल घर सोडून जाण्याला २९. आणि सुट्टीवर जाण्यालाही १३. यादी जुनी आहे, ते आकडे आजच्या घराला कुणी काटेकोर लावू नयेत. पण मी ती काका-काकूंपुढे ठेवली तेव्हा काकू म्हणाल्या, ‘म्हणजे मजा करायचेही गुण कापतात!’ त्या हसण्यात बरंच काम झालं. निवृत्ती, नातवंड आणि लांबचा प्रवास एकाच वर्षात आले आणि तुम्ही उगाच चिडताय असं वाटलं, तर ते उगाच नसतं.

मुलांना विचारा, आणि नीट विचारा. ‘आम्ही येऊ ना?’ या प्रश्नाला कुठलं मूल नाही म्हणेल? ‘कोणत्या दिवसांत आमचा उपयोग होईल, आणि कोणाचा कशासाठी?’ असं विचारा. बाळ जन्मल्या दिवशी खोलीत गर्दी असते. सहा आठवड्यांनी मदतीला आलेली माणसं आपापल्या कामाला गेलेली असतात, झोप झालेली नसते, आणि तेव्हा दारात उभ्या राहिलेल्या आजी-आजोबांची किंमत वेगळीच. पहिल्या वाढदिवसाचंही तसंच. तो त्या बाळाच्या लक्षात राहणार नाही, आईबापांच्या राहील. म्हणून तुमचं असणं त्यांना किती हवंय, ते त्यांच्याच तोंडून ऐका.

दोघांनी प्रत्येक वेळी बरोबरच गेलं पाहिजे, हा हट्ट कुणी शिकवला ते मला कळत नाही. चाळीस वर्षांचा संसार नऊ दिवसांच्या विरहाने मोडत नाही. एक जण मुलीकडे, एक जण बर्फात, हे चालतं. अट एवढीच, की रुसून जाऊ नका, ठरवून जा. आणि मागे राहणाऱ्याने हौतात्म्य पत्करल्याचा चेहरा करू नये. (हे मी नवऱ्यांना जास्त वेळा सांगते, पण बायकाही कमी नसतात.)

आणि ‘नाही’ म्हणताना कर्ता बदलू नका. ‘मला यायचं नाही’ हे वाक्य पूर्ण आहे. त्याला मुलीची, सुनेची, डॉक्टरांची तारीख जोडली नाही तरी ते उभं राहतं. ऐकणाऱ्यानेही लगेच समजूत काढायला धावू नये. काकांना मी सराव दिला होता: काकू ‘नको’ म्हणाल्या की दुसऱ्या दिवसापर्यंत काही बोलायचं नाही. पहिल्या आठवड्यात ते दोनदा चुकले. तिसऱ्या वेळी त्यांनी तोंडावर हात ठेवला, असं काकूंनीच सांगितलं.

काका मार्चमध्ये गेले, एकटे, एका गटाबरोबर. पाच रात्रींपैकी तीन रात्री ढग होते, एका रात्री प्रकाश दिसला, दहा-बारा मिनिटं. बाळ ७ जानेवारीलाच जन्मलं. काकू फेब्रुवारीच्या शेवटी मुलीकडे गेल्या, काका नॉर्वेहून थेट तिथे. पहाटे चारला उठायची त्यांची कारखान्यातली सवय अजून गेलेली नाही. पहाटेची पाळी आपोआप त्यांच्याकडे आली, आणि आता कोणत्या वेळी किती दूध गेलं त्याची फाइल आहे. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. परतल्यावर पुढच्या प्रवासावरून पुन्हा वाजलं, आणि ते दोघं आणखी दोनदा आली.

परवा काकूंनी फोनवर एक फोटो पाठवला. कॅलेंडरचं पान. नोव्हेंबरात चार दिवसांवर निळ्या शाईने, पट्टी न लावता ओढलेली थोडी वाकडी रेघ आणि त्यावर काकूंच्या अक्षरात ‘आम्ही चौघी, समुद्र’. खाली, अगदी बारीक, काकांच्या अक्षरात, पेन्सिलीने: ‘मी घरी.’