युरोपाभोवतीचा प्लाझ्मा मोजायचाय, तर सेकंड पीयूनंतर कुठे जावं?

पालकांचा प्रश्न : आम्ही निपाणी भागातले, ऊसशेती आहे. मुलगी बेळगावात सेकंड पीयूला (बारावी), पीसीएमसी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, कॉम्प्युटर). गुरूच्या युरोपा चंद्राभोवतीचा प्लाझ्मा यानं कशी मोजतात, याचंच तिला वेड. एरोनॉटिकलला घालावं का? यात पोट भरेल का?

उत्तर : स. न. एरोनॉटिकल आधी बाजूला ठेवा. तिथे विमानाचे पंख आणि इंजिनं शिकवतात. तिला हवंय ते फिजिक्स. उपकरण बनवण्यात जीव रमत असेल तर इलेक्ट्रॉनिक्स.

काम नेमकं काय असतं ते पाहा. गुरूच्याच आयो चंद्राच्या ज्वालामुखींमुळे सेकंदाला सुमारे एक टन माल अवकाशात जातो आणि त्याचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, होतो. गुरूचं चुंबकीय क्षेत्र तो ओढत नेतं. पाटात दगड ठेवला की पाणी तुंबतं आणि दोन्ही बाजूंनी वळतं, तसा तो युरोपाला वळसा घालतो. हे मोजायला नासाच्या युरोपा क्लिपर यानावर फॅरेडे कप आहेत. धातूचा पेला, तोंडाशी जाळ्या. जाळीवरचं व्होल्टेज वाढवलं की कमी ऊर्जेचे आयन (भारित अणू) माघारी फिरतात आणि तळाच्या पत्र्यावरचा करंट घटतो. किती व्होल्टला किती घटला, यावरून वेग आणि घनता काढतात.

खरी डोकेदुखी पुढे. एक इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, वस्तुमान भागिले भार म्हणजे 16 भागिले 1, 16. दोन गमावलेला सल्फर, 32 भागिले 2, तोही 16. एकाच वेगाने आले तर कपाला दोघे सारखेच. त्यात यानाच्या अंगावरच भार साठतो आणि सगळी ऊर्जा सरकलेली दिसते. गुरूजवळचं रेडिएशन खोट्या नोंदी वाढवतं ते वेगळंच. ही साफसफाई महत्त्वाची, कारण बर्फाखालच्या खाऱ्या समुद्राचा माग चुंबकीय क्षेत्रातल्या बदलांवरून काढतात. प्लाझ्मातले प्रवाहही तसेच बदल घडवतात. ते वजा केले नाहीत तर समुद्राच्या खोलीचं आणि खारटपणाचं गणित चुकतं.

आता तिला एक काम द्या. गॅलिलिओ यान 16 डिसेंबर 1997 रोजी युरोपापासून सुमारे 200 किमीवरून गेलं. त्या दिवशीच्या चुंबकमापीच्या नोंदी नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टीमवर फुकट आहेत. फाईल पायथनमध्ये किंवा साध्या स्प्रेडशीटमध्ये उघडून वेळेसमोर क्षेत्राचे तीन घटक काढायचे. आलेख सपाट रेघ झाला तर घाबरू नये. रिकाम्या नोंदींच्या जागी 9999 सारखे आकडे असू शकतात, ते गाळायचे. सर्वांत जवळच्या वेळेच्या आसपासची काही मिनिटं नीट बघायची. याच नोंदींत पाण्याच्या फवाऱ्याची खूण असावी, असं संशोधकांनी 2018 मध्ये मांडलं, म्हणजे वीस वर्षं पडून असलेल्या आकड्यांतून! चार रविवार यात गेले आणि तरी कंटाळा आला नाही, तर फिजिक्स. आलेख सोडून ती पेल्याच्या सर्किटकडेच वळली, तर इलेक्ट्रॉनिक्स.

पोटाचं स्पष्ट सांगतो. पदं मोजकी आहेत, आणि आयसरची (केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेची) बी.एस.-एम.एस.ची पाच वर्षं धरून पीएचडी होईपर्यंत वय 28-29 होतं. पण पीएचडीला जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना 37,000 रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडं मिळतं, त्या काळात घरून पैसे पाठवावे लागू नयेत. पुढे संशोधनाला अहमदाबादची पीआरएल (भौतिक संशोधन प्रयोगशाळा), पनवेलची भूचुंबकत्व संस्था, तिरुवनंतपुरमची स्पेस फिजिक्स लॅबोरेटरी. गुरूचं काम लगेच नाही मिळालं तरी भारताच्या आदित्य-एल1 यानावर सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारा प्लाझ्मा, मोजणारी उपकरणं आहेतच, आणि हात तोच लागतो. क्लिपर 2030 मध्ये आणि युरोपीय अवकाश संस्थेचं ज्यूस यान 2031 मध्ये गुरूपाशी पोचायचं आहे, तिचं एम.एस. संपतासंपता.

आयसरची आयएटी ही प्रवेश परीक्षा देशभर एकच, त्यामुळे कर्नाटकचे की महाराष्ट्राचे, हा रहिवासी दाखल्याचा आपल्याकडचा नेहमीचा घोळ तिथे नडत नाही. ती हुकली तर बेळगावातच बी.एस्सी. फिजिक्स करून जॅम (एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) द्यावी. वाट लांबते, बंद होत नाही. मात्र आयएटीच्या 60 प्रश्नांत 15 बायोलॉजीचे असतात आणि पीसीएमसीत तो विषयच नाही. अकरावी-बारावीची एनसीईआरटी बायोलॉजी याच आठवड्यात आणा. पेशी आणि अनुवंशशास्त्रापासून सुरुवात करायला सांगा.