कॉमन प्रॉप्स फाइल बदलल्यावर सगळे प्रोजेक्ट नीट लोड होतात का, हे कसं टेस्ट करायचं?

तुमच्या डॉटनेट रेपोत सगळ्यांना मिळून एकच डिरेक्टरी-बिल्ड-प्रॉप्स (सगळ्या प्रोजेक्टना आपोआप लागू होणाऱ्या कॉमन बिल्ड-सेटिंगची फाइल) आहे, तिला हात लावला की कुठला तरी प्रोजेक्ट बिघडतो आणि सीआय (दर बदलाला आपोआप चालणारं बिल्ड आणि टेस्ट) मात्र हिरवंगार. मग टेस्ट कशाची लिहायची, असं तुम्ही विचारलंय.

बिल्ड पास झाला का, याची तरी नको. एमएसबिल्ड या डॉटनेटच्या बिल्ड टूलला न सापडलेली प्रॉपर्टी (नाव दिलेलं सेटिंग) म्हणजे रिकामी स्ट्रिंग. तो एरर देत नाही, वॉर्निंगही नाही. हमखास सापडणारा प्रकार म्हणजे प्रॉप्समध्ये टार्गेट-फ्रेमवर्कवर (प्रोजेक्ट डॉटनेटच्या कोणत्या व्हर्जनसाठी आहे त्यावर) लावलेली कंडिशन. ही फाइल सीएसप्रोजच्या, म्हणजे प्रोजेक्ट फाइलच्या, मजकुराआधी इम्पोर्ट होते, त्यामुळे एकाच फ्रेमवर्कच्या प्रोजेक्टमध्ये तिथे ती व्हॅल्यू अजून आलेलीच नसते. कंडिशन खोटी ठरते, सेटिंग गुपचूप गळतं, कोड कंपाइल होतो. (अशी कंडिशन डिरेक्टरी-बिल्ड-टार्गेट्स फाइलमध्ये न्या, ती शेवटी येते.) लिनक्सवर फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉल चुकलं तरी असंच निमूटपणे होतं, म्हणून टेस्ट तिथेही चालवा.

तपासायचं ते इव्हॅल्युएशननंतर, म्हणजे एमएसबिल्डने सगळ्या फाइल वाचून व्हॅल्यू ठरवल्यावर, हाती आलेलं चित्र. डॉटनेट ८ च्या एसडीकेपासून, म्हणजे एमएसबिल्ड १७.८ पासून, गेट-प्रॉपर्टी आणि गेट-आयटम असे स्विच आहेत. टार्गेट (बिल्डची पायरी) दिलं नाही तर बिल्ड न करता व्हॅल्यू मिळतात, आणि एकाहून जास्त मागितल्या की जेसनमध्ये. चार-पाच छोटे नमुना प्रोजेक्ट ठेवा, आउटपुट गिटमध्ये टाका आणि दर पुल रिक्वेस्टला डिफ करा, म्हणजे आधीच्याशी ताडून पाहा.

डिफ करण्याआधी आउटपुट धुऊन घ्या. गेट-आयटममध्ये प्रत्येक फाइलचा पूर्ण पाथ आणि बदलाची वेळसुद्धा येते; ती तशीच ठेवलीत तर टेस्ट रोज लाल होईल आणि आठवड्याभरात कुणीतरी ती बंद करून टाकेल. रिस्टोअरच्या (पॅकेज आणण्याच्या) आधी की नंतर, हेही ठरवून टाका, कारण नुगेट या पॅकेज मॅनेजरच्या प्रॉप्स ओबीजे फोल्डरमध्ये रिस्टोअरनंतरच तयार होतात. ग्लोबल-जेसन फाइलमध्ये एसडीकेचं व्हर्जन पिन करा.

मुद्दाम मोडलेले नमुनेही हवेत: नसलेल्या फाइलचा इम्पोर्ट, अर्धवट एक्सएमएल असलेली प्रोजेक्ट फाइल. तिथे फक्त एमएसबी ४०१९, एमएसबी ४०२५ असे कोड पडताळा; मेसेजचा मजकूर मशीनच्या भाषेप्रमाणे बदलतो.

टेस्ट फुटली की प्रीप्रोसेस स्विच वापरा. सगळे इम्पोर्ट एकाच फाइलमध्ये सलग उलगडून मिळतात, कोणती ओळ कुठून आली तेही दिसतं.