कानबाईच्या रात्री चुकलेल्या तीन गोळ्या

"मनी आंडेरनं आते कसं हुई?" (माझ्या मुलीचं आता कसं होणार?) अमळनेर तालुक्यातल्या एका गावाहून आमच्याकडे सल्ल्याला आलेल्या माउलीने खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. मुलगी २२ वर्षांची, बी.एस्सी. झालेली. ज्येष्ठात सुपारी फुटली होती, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरायची बोलणी चालू होती, आणि श्रावणात खानदेशात बसवतात त्या कानबाई देवीच्या विसर्जनाच्या सकाळी अख्ख्या भाऊबंदकीसमोर मुलीला फिट आली. सोबत मामा होते. मुलाकडच्यांना सांगायचं की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. सांगितलं तर सोयरिक मोडेल, नाही सांगितलं तर पुढे काय वाढून ठेवलंय कोण जाणे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आमचं उत्तर सुरुवातीपासून 'सांगा' हेच होतं. पण त्याआधी एक शोधायचं होतं. १४ महिने फिट आलेली नव्हती, मग नेमकी त्याच सकाळी का आली?

घरच्यांच्या मते देवीचा काहीतरी दोष घडला होता. दोन बायका तर म्हणाल्या होत्या, कानबाई अंगात आली. त्यांच्या श्रद्धेशी वाद घालण्याची गरज नव्हती. त्या रात्रीचा हिशेब मांडला तरी पुरे होतं. कानबाईला बाहेरगावी राहणारे भाऊबंदही गावी येतात. रविवारी स्थापना, रोट, रात्रभर गाणी आणि फुगड्या, सोमवारी सकाळी विसर्जन. मुलीच्या गोळ्या पावडरच्या रिकाम्या डब्यात, कपाटात मागे ठेवलेल्या असायच्या. "कोनले सांगू नको" असं तिला पंधराव्या वर्षापासून बजावलेलं. शनिवारपासून त्या खोलीत सात बायका निजायला होत्या. सगळ्यांसमोर डबा काढायची सोय नव्हती. शनिवार रात्र, रविवार सकाळ, रविवार रात्र, तीन गोळ्या गेल्या आणि त्यावर जागरण झालं. सकाळी साडेसहाला आरतीचं ताट हातात असताना हाताला दोन हिसके बसले, कुंकवाचा करंडा उडाला, आणि मग ती पडली.

ते हिसके महत्त्वाचे आहेत. आईला विचारलं, सकाळी हातातून वस्तू पडतात का? ती म्हणाली, "नववीपासून. चहाचा कप तर कितीदा फोडला. आम्ही धांदरट म्हणून बोलायचो." झोपेतून उठल्यावर पहिल्या तासाभरात खांद्या-हातांना विजेसारखे हिसके बसणं, शुद्ध पूर्ण असणं, आणि कधीतरी त्यापाठोपाठ मोठी फिट येणं, ही वयात येताना सुरू होणाऱ्या अपस्माराच्या एका प्रकाराची ओळखीची खूण आहे. जागरण आणि चुकलेली गोळी हे त्याचे दोन सर्वांत मोठे शत्रू. काहींना लुकलुकत्या दिव्यांनीही फिट येते. या प्रकारात कार्बामाझेपिन, फेनिटॉइन अशा एरवी चांगल्या गोळ्यांनी हिसके वाढू शकतात. या मुलीला पहिली तीन वर्षं कार्बामाझेपिनच चालू होती, कारण हिसक्यांबद्दल डॉक्टरांना कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पुढे मेंदूविकार तज्ज्ञांनी लेव्हेटिरासेटाम सुरू केली तेव्हा फिट थांबली. म्हणून दाखवायला जाताना कागदावर लिहून न्यायचं: किती वाजता, झोपेनंतर किती वेळाने, आधी काय झालं, किती मिनिटं चाललं, नंतर भान यायला किती वेळ लागला. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ असला तर फारच उत्तम.

पुढच्या भेटीत तिला गोळ्यांची पाकिटं घेऊन बोलावलं आणि टेबलावर मोजली. २० दिवसांपूर्वी ६० गोळ्या घेतल्या होत्या, रोज दोन. उरायला हव्या होत्या २०, निघाल्या २९. म्हणजे नऊ चुकल्या. तिनेच एकेक दिवस आठवून सांगितला: साड्यांच्या खरेदीला धुळ्याला गेलो तो दिवस, होणारी सासू मुक्कामी होती ते दोन दिवस, मग कानबाई. एकही गोळी विसरल्यामुळे चुकलेली नव्हती. नऊच्या नऊ लपवण्यामुळे चुकल्या होत्या. हे पाहिल्यावर मामा बराच वेळ बोलले नाहीत.

लग्नाच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच होतं. सासरी कपाटही आपलं नसतं. नव्या नवरीला पहिले दोन महिने एकांत मिळत नाही. जी मुलगी माहेरी २० दिवसांत नऊ गोळ्या चुकवते, ती तिथे किती घेणार? तिथे फिट आली तर जवळ असणाऱ्याला काय करायचं हेही ठाऊक नसणार.

कायद्याची भीतीही होती. गावात कुणीतरी सांगितलं होतं की मिरगी असली तर लग्न रद्द होतं. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी तशी अट होती, पण १९९९ च्या दुरुस्तीने अपस्मार हा शब्द त्यातून काढला गेला. मात्र महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली, असा दावा समोरचा करू शकतो. म्हणजे आज कायद्याने अडचण येऊ शकते ती लपवण्याने, आजाराने नव्हे.

सांगायचं कसं, याची आम्ही तालीम घेतली. मध्यस्थाकरवी नाही, फोनवर नाही, आणि "थोडी चक्कर येते" असलं अर्धवट तर मुळीच नाही. मुलगी आणि मुलगा समोरासमोर, घरातली दोन मोठी माणसं बाजूला, डॉक्टरांची फाइल हातात. वाक्यं अशी बसवली: "मला पंधराव्या वर्षापासून फिटचा त्रास आहे. दिवसातून दोन गोळ्या घेते. वेळेवर घेतल्या तेव्हा १४ महिने काही झालं नाही. गेल्या महिन्यात तीन चुकल्या आणि जागरण झालं, तेव्हा आली. तुम्ही माझ्या डॉक्टरांना भेटा, मनात असेल ते विचारा." पहिल्यांदा म्हणताना ती दुसऱ्या वाक्यावर रडली. चौथ्या वेळी सरळ म्हणाली.

मुलाकडच्यांनी तीन आठवडे घेतले. मुलाच्या आत्याचा विरोध होता, तो शेवटपर्यंत राहिला. पण मुलगा डॉक्टरांकडे आला आणि त्याने नेमके प्रश्न विचारले. गोळ्या किती वर्षं? या प्रकारात बहुतेकांना दीर्घकाळ लागतात; इतर काही प्रकारांत दोन वर्षं फिट आली नाही तर डॉक्टर हळूहळू कमी करायचा विचार करतात, पण या प्रकारात बंद केल्यावर फिट पुन्हा येण्याचा धोका जास्त असतो. आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत. मुलांना होईल का? बहुसंख्य मुलांना होत नाही. बाळंतपण? होतं, पण तयारीने. व्हॅल्प्रोएट हे औषध या प्रकारात गुणकारी असलं तरी गर्भाला घातक ठरू शकतं, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या मुलींना शक्यतो टाळतात. फॉलिक ॲसिड दिवस राहिल्यावर नाही, मूल हवं असं ठरवतानाच सुरू करायचं. मात्रा डॉक्टर ठरवतील. आणि दिवस राहिले म्हणून घाबरून गोळ्या बंद केल्या, तर ते आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं.

त्याने आणखी एक विचारलं, ते फार कामाचं होतं. त्यांच्याकडे कपाशीला पाणी द्यायची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. हिने सोबत यायचं का? नाही. रात्रीची पाळी, उघडी विहीर, मोटारीचा स्टार्टर, या तिन्हींपासून तिला दूर ठेवायचं. कपडे धुवायला एकटीने नदीवर नको. आंघोळ हौदात उतरून नको, बादलीने, आणि न्हाणीघराला आतून कडी नको. गाडी चालवायची नाही. लायसन्सच्या अर्जात फिटबद्दल विचारतात, तिथे खोटं लिहायचं नाही. एवढं सोडलं तर स्वयंपाक, नोकरी, शिक्षण, प्रवास सगळं चालतं.

फिट आली तर काय करायचं, हे दोन्ही घरच्यांना सतरंजीवर करून दाखवलं. घड्याळ पाहा. आजूबाजूचं टोकदार, गरम ते हटवा, डोक्याखाली घडी केलेली ओढणी सरकवा, झटके ओसरले की कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर पडेल. दात खिळले तरी तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही नाही. कांदा नाही, चप्पल नाही, हातपाय दाबून धरणं नाही. चमच्याने दात तुटतो, दाबल्याने खांदा निखळतो, पाणी श्वासनलिकेत जातं. फिट मात्र आपल्या वेळेनेच थांबते, बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत. पाच मिनिटांवर गेली, भान न येता दुसरी आली किंवा पाण्यात पडली असेल तर १०८ ला फोन. भगताकडे नेऊन धुरी देणं, मारणं यात जीव गेल्याची उदाहरणं आहेत, आणि भूत उतरवण्यासाठी मारहाण करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मधल्या काळात आईची एक तक्रार आली: पोरगी फार चिडते, भांडी आपटते, आजाराचा डोक्यावर परिणाम झाला का? काहींना लेव्हेटिरासेटामने चिडचिड वाढते, उदासही वाटतं. हे स्वभावावर किंवा "डोक्यावर" घेऊ नये, डॉक्टरांना सांगावं. मात्रा किंवा औषध बदलता येतं. शिवाय अपस्मार असणाऱ्यांत नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं. मनात मरणाचे विचार येऊ लागले तर थांबायचं नाही. १४४१६ या टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

लग्नाच्या आठवड्याचं वेळापत्रक वेगळं केलं. हळदीच्या रात्री ती दहाला झोपणार, मेंदी दुपारी. गोळ्या सकाळी आठ आणि रात्री आठ, मुहूर्त कोणताही असो. डीजेचे लुकलुकते दिवे समोर आलेच तर डोळे मिटून भागत नाही, एक डोळा तळहाताने झाकून तोंड फिरवायचं. चार दिवसांच्या गोळ्या दोन ठिकाणी: तिच्या पर्समध्ये आणि नणंदेकडे.

शेवटच्या भेटीला सासू आल्या होत्या. त्यांची शंका वेगळीच होती. हरतालिकेला त्यांच्या घरी पाण्याचा थेंबही घेत नाहीत आणि रात्री जागतात, मग सुनेचं कसं करायचं? त्यांना सांगितलं, पूजा तिने करावी, जागू मात्र नये, आणि दोन्ही वेळची गोळी पाण्यासोबत घ्यावी. उपाशीपोटी मळमळलं तर फराळही करावा. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बरं. रात्रीची मी देईन हातात. जागायला आम्ही आहोत."